मधली रेघ

इस्पितळात त्यांना सगळे ‘चाळणीबाई’ म्हणत आणि त्याही खुशाल ओ देत. सीटी स्कॅनच्या यंत्रात शरीरातून आरपार आलेले किरण टिपणारे शेकडो बारीक डोळे असतात. त्यातला एखादा बिघडला की चित्रात गोल कडं उमटतं आणि डॉक्टर डोकं धरून बसतात. ही कडी आकड्यांतूनच चाळून काढणारा प्रोग्रॅम बाईंनी तीन वर्षं खपून लिहिला होता. एका यंत्रावर तो चालवून पाहिला, तर चित्रं आरशासारखी लख्ख येऊ लागली. सोमवारी तो इस्पितळाच्या सगळ्या यंत्रांवर चढायचा होता.

पण बाई एक नंबरच्या संशयी! चित्र बनण्याआधीचे कच्चे आकडे त्या रोज कागदावर छापून घेत आणि पट्टी लावून बघत.

विभागाचे साहेब हसायचे. “अहो, चित्र आहे की समोर!”

“चित्र म्हणजे शिजलेली भाजी. मला ती निवडताना बघायची असते.”

शुक्रवारी सकाळी इस्पितळाच्याच रखवालदाराचा स्कॅन झाला होता; दुपारी त्याच्या कागदावर त्यांना मधोमध एक सरळ रेघ दिसली. बिघडलेला डोळा कच्च्या आकड्यांत अशीच रेघ ओढतो आणि चित्रात तिचंच कडं होतं, म्हणून प्रोग्रॅमनं ती पुसली होती. पण बिघडलेला डोळा माणूस बघून बिघडत नाही. बाईंनी त्या दिवशीचे बाकीचे अकरा कागद पाहिले. रेघ एकावरही नव्हती. यंत्र ज्या बिंदूभोवती फिरतं, नेमकी तिथेच एखादी गाठ असली तर तीही अशीच रेघ ओढते.

रखवालदार ‘सगळं ठीक’ असा कागद घेऊन बायकोबरोबर घरी निघालाही होता. बाई जिन्यावरून धावत सुटल्या आणि त्याला फाटकातून परत आणलं. यंत्रात त्याला चार बोटं बाजूला सरकवून झोपवलं आणि पुन्हा स्कॅन केल्यावर फुप्फुसात हरभऱ्याएवढी गाठ स्पष्ट दिसली. लवकर सापडली, काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

“यंत्रानं गडबड केली म्हणू,” साहेब कुजबुजले. “सोमवार तोंडावर आलाय.”

“यंत्र बिचारं खरंच बोलत होतं. त्याचं तोंड मी दाबलं.”

त्यांनी सोमवारचा कार्यक्रम स्वतःच रद्द करायला लावला. तीन वर्षांच्या कष्टांवर असं पाणी सोडायला धमक लागते, आणि ती भल्याभल्यांत नसते.

मग बाई रखवालदाराच्या बायकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “यांची गाठ माझ्यामुळे झाकली गेली होती.”



“ऑपरेशननंतर परत फोटो काढतील ना?” तिनं विचारलं. “तो तुम्हीच बघा.”