आठ चाकांची टॅक्सी

सरकारी ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही कितीही झटकले तरी पुन्हा साचतात. मी परवान्याच्या ऑफिसात कारकून होतो. लातूर जिल्हा नवाकोरा, त्यात दुष्काळ, आणि आमच्या टेबलावर निलंग्याच्या शरीफमामूंचा टॅक्सीच्या परवान्याचा अर्ज!

मामूंनी जीपच्या मागं बिजागरीच्या फळ्या लावल्या होत्या. व्हीलचेअर सरळ आत चढायची. हे सगळं शेजारच्या कांबळे मास्तरांच्या सुनंदासाठी. तिला लातुरात सरकारी नोकरीची ऑर्डर आली होती आणि एसटीत तिची खुर्ची चढत नव्हती. हजर व्हायची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. नोकरी कुठल्या ऑफिसात, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

*

फॉर्मवर रकाना होता, ‘चाकांची संख्या’. मामूंनी इमानदारीत लिहिलं, आठ. चार जीपची, चार खुर्चीची!

आमच्या हेडक्लार्क जोशीअण्णांनी फाईल ट्रकच्या टेबलावर धाडली. तिथून शेरा आला, ‘माल कोणता?’

मामू भडकले. “माल न्हाई साहेब, मास्तरची पोरगी हाय!”

*

अर्ज जिल्हा फुटायच्या आधीचा, म्हणून फाईल जुन्या जिल्ह्याला गेली. ते म्हणाले, “निलंगा आता तुमचा.” आम्ही म्हणालो, “अर्ज तुमचा.” टॅक्सी दारात उभी आणि फाईलच तेवढी फिरत राहिली!

*

मग तपासणी. व्हीलचेअर निलंग्यात, म्हणून आमचे साहेब स्वतःच्या फिरत्या खुर्चीत बसले. अण्णांनी फळीवर ढकललं. मध्येच खुर्ची गर्रकन फिरली आणि साहेब पाठमोरे जीपमध्ये शिरले.

खाली उतरून, चष्मा सापडल्यावर, त्यांनी शेरा लिहिला, ‘वाहन योग्य. खुर्ची अयोग्य.’

*

त्या फळ्या तहसीलच्या माणसानं बघितल्या. पाण्याचे ड्रम काय सुरेख चढतील! तासाभरात जीप टंचाईच्या कामाला लागली, सही-शिक्क्याच्या चिठ्ठीसकट.

मामू म्हणाले, “या अल्ला! पाण्याला चिठ्ठी लगेच, अन् माणसाला न्हाई?”

*

शेवटी साहेबांनी फाईलवर लिहिलं, ‘प्रवासी प्रत्यक्ष हजर करावा.’

“बिना परमिटचं आणू कसं?” मामू.

“तो तुमचा प्रश्न!”

सुनंदाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी जीप ऑफिससमोर थांबली. आत सहा ड्रम आणि मधोमध सुनंदा. मामूंनी फळ्या काढून आमच्याच पायऱ्यांवर टाकल्या आणि तिला वर आणलं.

साहेब ओरडले, “मामू, हिला पाणी म्हणून आणलंत काय?”

“हिचं घर रस्त्यातच होतं साहेब. ड्रम तुमच्याच हौदात टाकायचेत!”

सुनंदानं पिशवीतून ऑर्डर काढून टेबलावर ठेवली. नेमणूक आमच्याच ऑफिसात! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आम्ही आमच्याच माणसाला दाराबाहेर ठेवलं होतं.

अण्णांनी तिला हजर करून घेतलं. रिकामं टेबल एकच होतं, टॅक्सी परवान्यांचं. सगळ्यात वर मामूंची फाईल. तिनं ती पहिल्या पानापासून वाचली. आठ चाकांपाशी खुदकन हसली.

मग साहेबांच्या शेवटच्या शेऱ्याखाली तिनं लिहिलं, ‘हजर आहे,’ आणि सही ठोकली.