जातो नव्हे, येतो

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा तपासते. तरीही हे लिहितेय...

आम्ही कानडी मुलखातल्या चामराजपेटचे मराठी, कित्येक पिढ्यांपासून. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मागच्या वर्षी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला — तिसरी स्टेज. आधी केमो, गाठ आकसली, मग ऑपरेशन. "त्यानंतर किती वर्षं?" मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "बरेच जण चांगले जगतात, काहींना पुन्हा होतो. तुमच्या अण्णांचं आज सांगता येणार नाही." तेव्हापासून माझी झोप उडाली.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी पोचलं तेव्हा अण्णा म्हणाले, "वैजू, जातो गं."

जातो! आमच्याकडे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही "येतो" म्हणतो. लहानपणी मी "जाते" म्हटलं की हेच अण्णा मला उंबऱ्यात परत बोलावून "येते" म्हणायला लावायचे. "अण्णा, येतो म्हणा!" असं मी ओरडेपर्यंत दार बंद झालं. कशावरच विश्वास नाही म्हणणारी मी, एका शब्दासाठी बाकावर बसून रडत होते.

साडेअकराला शेजारच्या शांताक्कांचा फोन.

"वैजू, ऑपरेशन कॅन्सल झालं काय गं? अण्णा घरी आले की!"

"काहीतरीच काय, अक्का! ते आत आहेत."

"अगं, मी सांडगे वाळत घालत होते. दारातच उभे होते. स्वल्प बसा म्हटलं, तर नको म्हणाले. 'वैजूला सांगा, चुकलं माझं. येतो.' एवढंच बोलले. मी पाणी घेऊन येते तोवर नाहीत."

अण्णा जाताना काय म्हणाले, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन वाजता सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. मधे रक्तस्राव बराच झाला, पण आवरला, म्हणाले. मधे म्हणजे किती वाजता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

अण्णांना यातलं काहीच आठवत नाही. शांताक्कांना भास झाला म्हणावं, तर नेमका तोच शब्द?

दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. आजही होता... अण्णा मशीनच्या खोलीकडे निघाले तेव्हा मी त्यांची बाही धरूनच ठेवली. ते हसले.

"येतो गं बाई, येतो. सोड आता."

रिपोर्ट उद्या मिळेल.