तुकारामभाऊंचा डावा कोपर

आमच्या गोल्फचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा होतो, तरी निम्मे उरतातच! जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांमागे आमचं मैदान. सहाच होल. ‘ग्रीन’ म्हणायचं, पण हिरवं काही नाही; होलभोवती नुसती चाळलेली वाळू!

* * *

फॅक्टरीच्या मशीनशॉपचे तुकारामभाऊ मूळचे करडी गावचे. गोल्फ त्यांना कोणी शिकवलाच नाही. बॉल मारतानाही गप्पा चालूच. सोबत खेळणारे आमचे कुलकर्णीसाहेब वैतागायचे, “भाऊ, हा शांततेचा खेळ आहे!”

“मी बोलून राहिलो जी, बॉल थोडीच बोलून राहिला!”

तोवर बॉल झेंड्यापाशी पोचलेला असायचा.

* * *

साहेबांनी मात्र पुस्तकं कोळून प्यायलेली. एकदा वारा, उतार, मनगट असं सगळं पाच मिनिटं समजावलं आणि फटका मारला. बॉल कडुलिंबात!

“वाऱ्याचा अंदाज बरोबर होता,” साहेब म्हणाले.

“हो जी. लिंबाचा चुकला,” इति भाऊ.

* * *

मग साहेबांनी भाऊंचा फटका मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतला. “बघा, डावा कोपर कसा सरळ राहतो!”

भाऊंनी स्वतःचा कोपर असा पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवसापासून बॉल कुठेही जायला लागला आणि भाऊंच्या गप्पाही बंद झाल्या.

“आता मारताना कोपरच दिसते जी, साहेब.”

साहेबांनी व्हिडिओ डिलीट केला. भाऊंच्या डोक्यातून कसा होणार? आम्हाला फार वाईट वाटलं. भाऊ रिटायर होऊन करडीला परतणार होते. तिथे कुठला गोल्फ! रविवारची जोडीची मॅच त्यांची शेवटची, आणि वहिनी पहिल्यांदाच बघायला येणार होत्या.

* * *

त्या मॅचमध्ये साहेब आणि भाऊ एका जोडीत. शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. भाऊंचा बॉल होलपासून सहा पावलांवर. हा गेला की जिंकले!

सगळे चिडीचूप. भाऊ वाकले ते वाकलेच. नजर कोपरावर. वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात साहेब, हो, आमचे शांततावाले साहेब, मोठ्याने म्हणाले, “भाऊ, यंदा शेतातल्या बांधीत धान कोणता लावलाय हो?”

आम्ही उडालोच!

भाऊंनी मान वळवली. “चिन्नोर लावला जी. असा वास सुटते का...”

टक्!

“...पण कापाले मजूरच भेटून नाही राहिले, साहेब.”

“अवो, पडला ना तुमचा बॉल!” वहिनी ओरडल्या.

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं.

“कुठी?”