भावाने सोडवलेली दारू

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भडगावात हे अजून कुणी मानत नाही, आणि त्याला जबाबदार माझा सख्खा मोठा भाऊ.

मध्यंतरी माझा चेहरा सुजायला लागला, आवाज घोगरा झाला, जीभ जड पडली. मी शाळेची व्हॅन चालवायचो. दुपारच्या फेरीआधी उभ्या व्हॅनमध्येच डुलक्या यायच्या. एकदा घरी आलो तर भाऊ दारातच ओरडला, ‘‘पिसन उना का रे?’’ पिऊन आलो म्हणे! झालं! लेक सातवीत होती. त्या दिवसापासून ती जवळ आली की आधी हळूच माझ्या तोंडाचा वास घ्यायची. बाकी सगळं मी भावाला माफ केलं असतं, हे नाही.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याने फर्मान काढलं. पाचवं शील, दारूपासून लांब राहण्याचं, मी सगळ्यांसमोर एकट्याने मोठ्याने म्हणायचं. म्हटलं. जड जिभेने ते असं काही लडबडलं की बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ‘‘ऐका! आतेबी पियेल शे,’’ भाऊ म्हणाला.

शेवटी बायकोने मला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, टीएसएच भलताच वाढलेला. मी विचारलं, थायरॉईड जास्त काम करतोय का? बाई म्हणाल्या, ‘‘उलट. गळ्यातली ग्रंथी सुस्त पडलीय. टीएसएच म्हणजे तिला वरून मारलेल्या हाका. ती ऐकत नाही, म्हणून हाका वाढल्यात.’’ रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

रिपोर्ट भावापुढे धरला. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. ‘‘थायरॉईड बायकासले व्हस. माणसाला कधी ऐकलंय?’’ अक्कल गहाण ठेवलेला माणूस!

गोळीने सूज उतरली, जीभ मोकळी झाली, दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. बाईंनी बजावलं, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आहे, सोडायची नाही. भावाने मात्र ‘नॉर्मल’ तेवढं उचललं आणि विहारात उभं राहून जाहीर केलं, ‘‘शील म्हणायला लावलं, सुटली बघा दारू!’’ टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलो, ‘‘अरे, सोडायला आधी प्यायला तर हवी!’’ लोक समजूतदारपणे माना डोलवत राहिले.

तेवढ्यात लेकीने येऊन माझा हात धरला.

‘‘जाऊ द्या ना पप्पा,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘आता सोडलीत ना तुम्ही.’’