फाटकावरचा बाण

हसू नका म्हणून सांगून काही उपयोग नाही, तुमी हसणारच. तर ऐका. चहा गार होईल, होऊ द्या!

येलदरीच्या धरणापासून वालूरपर्यंत पायी जायची एक जुनी वाट हाय. रिटायर झाल्यावर आमी चार-पाच मास्तरांनी ती दुरुस्त करायला घेतली. बाभळीच्या काट्या तोडल्या, ओढ्यात पाय ठेवायला दगड टाकले. वाट दाखवायला पिवळ्या रंगाचे बाण काढायचं काम माझ्याकडं. दगड दिसला की बाण, झाड दिसलं की बाण! एका शेताला पत्र्याचं फाटक होतं. मालक घरी नव्हता. म्हटलं, विचारायचं काय त्यात? काढला बाण.

पहिल्यांदा त्या वाटेनं चालायला परभणीहून आठ जण आले. मी पुढारी! आमच्या मास्तरांपैकी गायकवाड सरांनी वाटेत कुठंतरी नाश्त्याची सोय केलेली. कुठं, ते मी विचारलंच नाही.

त्या फाटकापाशी आलो, तर बाण घराकडं. मला वाटलं, मी तर नदीकडं काढला होता. पण बाण आपलाच, रंग आपला. चला आत!

आणि स्वागत काय सांगू! पाय धुवायला पाणी, सतरंजी, कांदेपोहे. आता कांदेपोहे बघून तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? मी आपला मनात गायकवाड सरांची पाठ थोपटायलोय. घरमालक नारायणराव आमच्यातल्या बँकेतल्या तरुण पोराला सारखे पोहे वाढायलेत आणि त्याला न्याहाळायलेत.

मग डोक्यावर पदर घेतलेली पोरगी चहा घेऊन आली. मला वाटलं, गावातून आपल्याला मदत करणारी कार्यकर्ती असेल.

"बस बाई. नाव काय?"

"शीतल."

"चालायची सवय हाय का?"

"लय हाय!" बापच बोलला. "दिवसभर शेतात आसती."

"तिला बोलू द्या हो. बाई, पुढं काय करायचं ठरवलंस?"

पोरगी बापाकडं बघायली. बाप जमिनीकडं.

"बोल, घाबरू नको."

"नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय," ती हळूच म्हणाली. "ते पुरं करायचंय. अर्ध्यात सोडायचं नाही मला."

"शाबास!" मी मांडीवर थाप मारली. "शिकलंच पाहिजे! काय मंडळी?" आठही जणांनी टाळ्या वाजवल्या.

नारायणरावांचा आवाज बदलला. "म्हंजी, तुमची काय हरकत न्हाई?"

"आमची कसली हरकत?"

"मंग माझी बी न्हाई. सगळ्यासमोर शब्द देतो, शिक्शान पुरं झाल्यावरच लगीन!"

परक्या माणसाला घरातलं एवढं सांगतोय, किती मोकळा माणूस, असं मला वाटलं. अहो, माझे डोळे पाणावले!

तेवढ्यात दारात जीप थांबली. फेटेवाले दोघं, मागं सहा-सात माणसं. "पालमहून आलोत. पोरगी बघायला."

नारायणराव माझ्याकडं बघतच राहिले. "मंग तुमी कोन?"

"आमी? आमी चालणारे."

पुढचं काय विचारता! पातेल्यात पोह्याचा दाणा नव्हता. पालमवाल्यांना लग्न याच उन्हाळ्यात पाहिजे होतं. नारायणराव म्हणाले, "आत्ताच शब्द देऊन बसलोय." पाहुणे पाणीसुद्धा न पिता जीपमधी बसले.

मी पळत फाटकापाशी गेलो. पाहुण्यांसाठी सताड उघडलेलं. ओढून बंद केलं, तर बाण नदीकडं. उघडलं, तर घराकडं. चाळीस वर्षं पोरांना दिशा शिकवल्या हो मी!

हात जोडले. "नारायणराव, पोरीचं स्थळ मोडलं माझ्यामुळं. लय मोठी चूक झाली."

"चूक तुमची हाय, मास्तर," ते म्हणाले, "पन शब्द माझा हाय." आणि आत निघून गेले. मला फार वाईट वाटत होतं. रुमाल ओला करून बाण पुसायला लागलो, तर शीतल आली.

"सर, राहू द्या तो बाण. अजून दोन स्थळं यायचीत."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, आता पोट धरून हसंल. ती कणीक मळत होती, हात थांबला.

"तुमी मला बघायला आलात तवा मी अकरावीत व्हते," ती म्हणाली. "तवा न्हाई कुनी असा बाण काढला."