दीप्ती नावाच्या खुर्च्या

रतनच्या धंद्याची सुरुवात चार खुर्च्यांनी झाली, आणि त्या त्याने धंद्यासाठी घेतल्याच नव्हत्या. मुलीच्या नामकरणाला पाहुणे येणार, त्यांना बसवायचं कुठे, म्हणून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मुलीचं नाव दीप्ती ठेवलं. पुढच्याच आठवड्यात त्या खुर्च्या कुणी सत्यनारायणाला मागून नेल्या, मग कुणी साखरपुड्याला नेल्या, आणि मग त्या नक्की कुणाच्या यावरून भांडणं लागायला लागली. तेव्हा रतनने प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर निळ्या रंगाने लिहून टाकलं, 'दीप्ती'. पुढे धंद्याचं नावही तेच पडलं. दीप्ती डेकोरेटर्स.

मी जयवंत, त्याचा शेजारी. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. माझे वडील मालवणहून गिरणीत आले, त्याचे जालन्याहून इमारतींच्या कामावर. रतन तरुणपणी खालच्या एका मंडपवाल्याकडे बांबू बांधायचा. बांधता बांधता शिकला आणि हळूहळू स्वतःचं जमवू लागला. एका वर्षी आणखी खुर्च्या, पुढच्या वर्षी ताडपत्री, मग जेवणाची टेबलं, मोठी पातेली, गॅसच्या शेगड्या. शेवटी नवरा-नवरीला बसायला लाल मखमलीचा सोफाही आला. इतका सावकाश वाढणारा धंदा मी पाहिलेला नाही. मला तर कधीकधी वैताग यायचा.

"अरे, एकदम लोन काढ ना, मोठं काम घे," मी म्हणायचो.

"माझ्या डोक्यावर जेवढं मावेल तेवढाच धंदा करायचा, जया," तो म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे रस्ता खालीच संपतो, पुढे सगळ्या पायऱ्या. रतन खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन त्या चढायचा. लग्नसराईत त्याची मान इतकी आखडायची की कुणी हाक मारली तर सगळा माणूस वळायचा.

त्याचा एक नियम होता. मयताच्या घरी खुर्च्या आणि ताडपत्री फुकट. त्याचे वडील गेले तेव्हा भर पावसाळा होता. जमलेली माणसं ओल्या पायऱ्यांवर उकिडवी बसली होती, म्हातारे भिंतीला धरून उभे होते. ते त्याच्या मनात राहिलं. त्यामुळे वस्तीत कुणी गेलं की डॉक्टरच्या आधी रतनला फोन जायचा, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. माझी आई गेली तेव्हाही मी काही सांगायच्या आधीच दारात खुर्च्या लागल्या होत्या.

घोळ झाला तो नंदकुमारच्या मुलीच्या हळदीला. नंदकुमार म्हणजे आमच्या गल्लीतला रत्नागिरीवाला, स्वभावाने गरीब माणूस. त्याच्या प्रांजलची हळद संध्याकाळी, आणि त्याच दिवशी सकाळी वरच्या गल्लीतले धोंडिराम गेले. सकाळी खुर्च्या तिकडे लागल्या. दुपारी माणसं स्मशानातून परतली, पांगली. इकडे हळदीला अंदाजापेक्षा जास्त पाहुणे आले. खुर्च्या कमी पडल्या. रतनने वरच्या खुर्च्या उचलल्या, नळाखाली खसखसून धुतल्या आणि नंदकुमारच्या दारात मांडल्या. रतन बौद्ध. त्याच्या घरात शुभ-अशुभ, मुहूर्त, सुतक यांतलं काही नाही. खुर्ची ती खुर्ची. आपल्या डोक्यात जे नाही ते दुसऱ्याच्याही डोक्यात नसेल, असं त्याने धरलं. चूक म्हणायची तर एवढीच.

नंदकुमारची बहीण दर्शनाआत्या सकाळी धोंडिरामकडेही जाऊन आली होती. तुटलेला हात तारेने बांधलेली एक खुर्ची तिने ओळखली. सकाळी तिच्यावर धोंडिरामचा भाऊ रडत बसला होता.

"काय रे रतन, मी डोक्यावरून आंघोळ करून आले, आणि ही खुर्ची तशीच आली होय?"

"नाही ओ आत्या, तिलाही घातली ना आंघोळ. नळाखाली, साबण लावून."

सगळे हसले. आत्याही हसली. विषय तिथेच संपला असं मलाही वाटलं.

लग्नानंतर महिन्याभरात प्रांजलचा नवरा बाइकवरून पडला आणि पाय मोडून घरी बसला. पाय मोडला तो खड्ड्यामुळे, आणि नंतर धड जुळलाही. पण तोवर आमच्या वस्तीत त्या खड्ड्याचं कुणी नावच घेत नव्हतं. 'मयताच्या खुर्च्या हळदीला लावल्या होत्या ना,' एवढंच प्रत्येकाच्या तोंडी.

कुणी भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. रतन बोलला असता, मी तर चार शिव्याही घातल्या असत्या. पण कुणी आलंच नाही. सगळे पूर्वीसारखेच गोड. फक्त बारशाला बोलावणं येईना, मग साखरपुड्याला येईना. विचारलं तर, "अरे, हॉलमध्येच आहे ना या वेळी, खुर्च्या त्यांच्याच," असं सांगायचे आणि दोन दिवसांनी त्यांच्याच दारात खालच्या सौरभ डेकोरेटरच्या, साटीनचे झगे घातलेल्या खुर्च्या दिसायच्या. रतन तिथून मान खाली घालून जायचा, जणू त्यानेच काहीतरी चोरलं होतं.

त्याने उपाय करून पाहिले. पिवळ्या रंगाच्या कोऱ्या खुर्च्या आणल्या, फक्त शुभकार्यासाठी. घरोघरी जाऊन सांगितलं.

"नवीन आहेत हे खरं रे," एकजण त्याला म्हणाला, "पण मध्ये कुठे लावल्या नसतील, हे आम्हाला कसं कळणार?"

याला काय उत्तर देणार? रतनने मला विचारलं.

आणि मयताचे फोन मात्र चालूच! ज्यांनी पोराच्या बारशाला टाळलं, तेच म्हातारा गेल्यावर पहिला फोन रतनला करायचे. फुकट, आणि लगेच. शकुवहिनी, म्हणजे त्याची बायको, तोंडाने फटकळ. ती चिडायची.

"धर्मशाळा उघडलीय का आपण? निदान ताडपत्रीचे तरी माग."

"अगं, घरात माणूस पडलंय आणि मी पैसे मागू?"

"मग नको जाऊस."

तो जायचा. वाढत गेलेला धंदा इतका आटला की लग्नाचा सोफा त्याने विकला आणि पुन्हा दुसऱ्या मंडपवाल्याकडे बांबू बांधायला लागला, या वयात. मला संताप यायचा. लोकांचा यायचा, त्याचाही यायचा. पण त्याने नक्की काय करायला हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग दीप्तीचं लग्न ठरलं. ती मुलुंडला लॅबमध्ये कामाला, मुलगा विशाल तिथलाच. दोघांनी आपलं आपण जमवलेलं. रतनच्या अंगात एकदम वारं शिरलं. त्याने सगळ्या लाल-पिवळ्या खुर्च्या बाहेर काढल्या, घासल्या, पुसट झालेली नावं ब्रशने पुन्हा गिरवायला बसला. "माझ्या पोरीच्या लग्नात माझाच मांडव," तो मला म्हणाला. "बघू दे सगळ्यांना. आम्ही बसतो की नाही या खुर्च्यांवर."

शकुवहिनी दारात उभी होती.

"मी मानत नाही हां," ती म्हणाली. "तुला माहितीय. पण लग्नाला सगळी वस्ती येणार. दीप्तीच्या सासूच्या कानावर कुणीतरी घालणारच. उद्या विशालला साधा ताप आला, तरी दोष आपल्या खुर्च्यांवर येईल. पोरीने आयुष्यभर ऐकून घ्यायचं?"

"शकू..."

"माझ्या नाही रे मनात. त्यांच्या मनात आलं तर?"

रतनने ब्रश डब्यात ठेवला. नंदकुमारच्या लोकांशी तो वाद घालू शकला असता. वहिनीशी काय घालणार? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच सौरभला फोन लावला. सौरभ बिचारा गोंधळला.

"काका, तुमच्याकडेच पोचवायच्या? तुमच्याकडे असताना?"

"हो रे. झगे पांढरे पाठव," रतन म्हणाला.

लग्न खाली समाजमंदिरात होतं. सकाळी रतनने सौरभच्या खुर्च्या स्वतः रांगेत लावल्या, झगे ओढून सारखे केले. सवय जात नाही. पांढरी साडी नेसलेली दीप्ती आत आली, रांगांवरून तिची नजर फिरली आणि बापावर येऊन थांबली. रतनने उगाच एक खुर्ची पुसली.

इतक्यात त्याचा फोन वाजला. वरच्या गल्लीतली एक म्हातारी पहाटे गेली होती. तिच्या मुलाला लग्नाचं माहीत होतं, तो लाजतच बोलत होता. रतनने मला बाजूला घेतलं आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू जातोस का रे? मला आज निघता येणार नाही."

मी आणि म्हातारीच्या मुलाने मिळून खुर्च्या वर चढवल्या. माझी मान दुखून आली. तिच्या दारात मी त्या मांडल्या, एकेक माणूस येऊन बसू लागला. प्रत्येकाच्या पाठीमागे ताज्या निळ्या रंगात लिहिलेलं, दीप्ती, दीप्ती, दीप्ती. खालून स्पीकरवर लग्नातलं त्रिशरण अस्पष्ट ऐकू येत होतं. मला कुठे बघावं कळेना.

थोड्या वेळाने रतनचा फोन आला. मागे टाळ्यांचा आवाज होता. लग्न लागलं असणार.

"जया," तो म्हणाला, "पुरल्या ना रे खुर्च्या?"