अरुंधती आणि मधला चोर

क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना पाठ करविले. परंतु तो कंठापर्यंत येतो कसा आणि गिळावा कसा, याचा प्रत्यक्ष अभ्यास माझ्याकडून या भूतलावर एकाच मनुष्याने करवून घेतला. जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघाले की पायथ्याशी आमचे गाव लागते. गावाबाहेरच्या माळावर ज्याच्या मेंढ्या बसतात, तो हा वृद्ध मेंढपाळ. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि मान सदैव वर. भर दुपारीही तो वरच पाहत चाले आणि नाल्यात पाय गेला की नाल्यालाच रागावे. एकदा पहाटे बसथांब्यावर मी घड्याळ पाहून चार वाजल्याचे सांगितले. त्याने आकाशाकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "घड्याळ दाखवून घ्या गुरुजी, मागं पडून राह्यलं." ते खरोखर मागे पडले होते, हा माझ्या संतापाचा आरंभ. पुढे मी पंचांग उघडून त्याला नक्षत्रे समजावू लागलो, तर दोन पाने ऐकून घेऊन म्हणाला, "बरं हाय तुमचं. कागदात ढगच येत नाही."

पण खरा कलह सप्तर्षींवरून. सायंसंध्या आटोपून मी उत्तरेकडे हात जोडले की मागून प्रश्न येई, "चोरायच्या पाया काऊन पडून राह्यले, गुरुजी?" त्याच्या मते ते चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवणारे चोर. त्यांतला मधला चोर म्हणजे आमचे भगवान वसिष्ठ! मी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी त्याने विचारले, "गावाले गेल्ते का?"

विवाहात मी वधूवरांना वसिष्ठांशेजारची बारीक चांदणी, त्यांची पत्नी अरुंधती, दाखवतो. दाखवतो म्हणजे, मंडपाच्या कापडाकडे बोट करून "दिसली?" असे विचारतो, ती दोघे मान हलवतात आणि विधी पुढे सरकतो. एका लग्नात हा गृहस्थ पंगतीतून उठून म्हणाला, "कशी दिसल? वर तं मंडप हाय." लोक हसले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मागच्या वैशाखात त्याच्या नातीचे लग्न आमच्या देवळाच्या अंगणात संध्याकाळी लागले. अंगणात मंडप घालू नये, असे त्याने आधीच बजावले होते. सप्तपदी झाली. मी म्हणालो, "वर पाहा." वर आकाश नव्हतेच, दुधाचे पातेले उलटे धरावे तसा पांढरा प्रकाश होता. देवळासमोर नुकताच हायमास्टचा उंच दिवा लागला होता. त्या दिव्याच्या मागणीअर्जावर देवस्थान समितीचा अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी होती.

म्हातारा काठी टेकून उभा राहिला. "दिवा बंद करा. माही नात तारा पाह्यल्याबिगर सासरी जात नाही."

दिव्याच्या पेटीची किल्ली वायरमनकडे आणि वायरमन खामगावला. नवऱ्या मुलाचे मामा पुढे झाले. "आबा, मोबाईलवर दाखवतो ना तारा. जेवणं थंडी होऊन राह्यली."

"मोबाईलातला तारा साक्षीले येते का?"

"मंग मुलगी घरीच ठेवता काय?" मामांचा आवाज चढला. वऱ्हाडातले दोघेतिघे उठून चपला शोधू लागले. मुलीने मान खाली घातली, आणि माझा चाळीस वर्षांचा संयम सुटला. मी ओरडलो, "आजवर एकाही जोडप्याला अरुंधती दिसलेली नाही! कोणाचा संसार अडला?"

चपला शोधणारे वळून पाहू लागले. म्हातारा काठी टेकत माझ्यासमोर आला. "म्हंजे तुमाले ठाऊक होतं," एवढेच म्हणाला.

मला दिव्याचा राग आला, समितीचा आला, माझ्या सहीचा आला. त्याचा मात्र येईना. मी सोवळे सावरले आणि मामांना म्हणालो, "विधी अपुरा आहे. चला." मी पुढे निघालो, तेव्हा नाइलाजाने वऱ्हाडही निघाले. नाला ओलांडून टेकाडाच्या आड गेलो आणि दिवा झाकला गेला. म्हाताऱ्याने नातीची हनुवटी वर केली. "बाजेचे चार पाय दिसले? आता मागचे तीन चोर. मधल्याच्या खांद्यापाशी बारीक दिसते ना, थे त्याची बायको. घरी चाल म्हणून राह्यली त्याले."

"दिसली, आबा," ती म्हणाली. क्षणाने नवराही म्हणाला, "हो, दिसली."

मग तो माझ्याकडे वळला. "तुमाले दिसली का, गुरुजी?"

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. होकार जिभेवर तयारच होता; चाळीस वर्षे दुसऱ्यांकडून तोच तर घेतला होता. मी म्हणालो, "नाही."

तो हसला नाही. त्याने माझे कोपर धरून बोट वर नेले आणि एका जागी थांबवले. "इथं हाय. जोडा हात." मी जोडले. ते ऋषीला होते की चोराला, त्याने विचारले नाही.

दिवा रात्री काही वेळ तरी बंद ठेवावा, असे तीन अर्ज मी दिले आहेत. उत्तर नाही, आणि माझा राग अद्याप शमलेला नाही. शमावा अशी इच्छाही नाही. हल्ली संध्येनंतर तो देवळाच्या पायरीवर येऊन बसतो. तिथून काही दिसत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी मी विचारतो, "आता कुठे असतील?" तो त्या पांढऱ्या उजेडाकडे मान वर करतो, डोळे बारीक करतो आणि हळूच सांगतो, "मधला चोर आता कळसावर आला असल, गुरुजी. बायको हाय त्याच्यासंग."